काउंटीची जर्सी, क्लबची जर्सी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. काउंटीच्या, म्हणजे कॉर्क जिल्ह्याच्या, अंडर-२० हर्लिंग संघाच्या यादीत नाव आलं नाही, आणि आता हर्ली, ती खेळायची काठी, उचलायचीच नाही, क्लबलाही तसं कळवून टाकतो, असं तू लिहिलंस. फोन केला असता तर ‘बरं आई, ठेवतो’ म्हणून तू दोन मिनिटांत संपवलं असतंस. म्हणून हे पत्र.

यादीबद्दल मी काही बोलणार नाही. निवडणाऱ्यांनी काय पाहिलं, काय नाही, ते त्यांना ठाऊक. तुला वाईट वाटलं ते साहजिक आहे, वाटू दे. माझा जीव अडकला तो तुझ्या दुसऱ्या वाक्यात: क्लबलाही कळवून टाकतो.

कॉर्कचा हर्लिंगपटू शॉन ओग ओ हॅल्पीन याचं नाव तू कॉर्कमध्ये शाळेत जायला लागल्यापासून ऐकतो आहेस. त्याच्याबद्दल बोलताना सगळे १९९९, २००४ आणि २००५ ही तीन वर्षं मोजतात, कारण त्या तीन वर्षी त्याने ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. मला मात्र त्याचं २०११ हे वर्ष सगळ्यांत मोठं वाटतं. त्या वर्षी तो कॉर्कसाठी एकही सामना खेळला नाही.

तिथवर यायला जरा मागून यावं लागेल. त्याचा जन्म १९७७ चा, रोटुमाचा. फिजीच्या मुख्य बेटांच्या उत्तरेला शेकडो किलोमीटरवर, भर समुद्रातलं ते छोटंसं बेट. आई तिथली, वडील उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना काउंटीचे. त्याचं लहानपण सिडनीत गेलं आणि तिथे त्याला वेड होतं रग्बी लीगचं. १९८८ मध्ये घर हललं ते थेट कॉर्कच्या उत्तर भागात, तेव्हा तो ११ वर्षांचा होता. ११ हे वय हर्लिंगसाठी किती उशिराचं, हे तुला मी सांगायला नको. इथली पोरं नीट चालायला लागायच्या आधी हातात काठी धरतात. तूही आठव्या वर्षी सुरुवात केलीस आणि पहिल्या वर्षी स्लिटर, तो छोटा चेंडू, तुझ्या काठीला लागायलाच तयार नसायचा. तो तर तुझ्याहूनही तीन वर्षं उशिरा आला होता.

त्याला हातात घेतलं ते नॉर्थ मोनॅस्ट्री शाळेने आणि फेअरहिलच्या ना पिअर्सिग क्लबने. शाळेत तो आयरिश भाषा शिकला, क्लबमध्ये खेळ शिकला. त्याच्यामागून त्याचे भाऊही त्याच मैदानावर आले. धाकटा सेटांटा पुढे २००३ च्या अंतिम सामन्यात कॉर्ककडून गोल करून गेला. हे कुटुंब कुठून आलं, याची चौकशी लोकांनी केली नसेल असं नाही. पण शनिवारी सकाळी मैदानावर पोरं कमी पडत असतात आणि जो येईल त्याला जर्सी मिळते. क्लबची ही रीत तू स्वतः अनुभवली आहेस.

१९९६ मध्ये तो कॉर्कच्या मुख्य संघात आला. १९९९ चा अंतिम सामना मी कितीदा तरी पाहिला आहे. पाऊस पडतोय, चेंडू हातातून निसटतोय, कुणालाही गोल करता येत नाही आणि कॉर्क किलकेनी काउंटीला ०-१३ विरुद्ध ०-१२ (आधी गोल, मग पॉइंट) असं एका पॉइंटने हरवतं. त्याच महिन्यात तो कॉर्कच्या गेलिक फुटबॉल संघातूनही अंतिम सामना खेळला. तो मीथने जिंकला. एकाच वर्षी दोन्ही खेळांचे अंतिम सामने खेळायचे म्हणजे शरीराचं काय होत असेल, याचा विचार मी नर्स म्हणून करते आणि थक्क होते.

हे सगळं मी कोल्हापूरला आजोबांना फोनवर सांगितलं होतं. त्यांना आधी खेळ समजावून द्यावा लागला: एका बाजूला १५ जण, ॲश लाकडाची काठी, आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन. मग त्यांनी विचारलं, ‘पगार किती मिळतो?’ काहीच नाही म्हटल्यावर ते गप्प झाले. ८० हजारांचं क्रोक पार्क भरतं आणि दुसऱ्या दिवशी खेळाडू कामावर जातो. शॉन ओगही बँकेत नोकरी करायचा. थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, ‘मग आपल्या पेठांच्या फुटबॉलसारखंच की!’ त्यांना ते बरोबर कळलं. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की अख्खी पेठ तिथे लोटते, ती काही पगाराकडे बघून नाही. पोरगा आपल्या गल्लीतला आहे, एवढं पुरतं.

२००१ मध्ये मोटारीच्या अपघातात शॉन ओगच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. गुडघ्याची वाटी आणि नडगी यांना जोडणारा तो पट्टा. असे रुग्ण मी पाहते. जिना उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यावरून धावणं ही किती पुढची गोष्ट असते ते कळतं. तो पुन्हा उभा राहिला आणि त्याची सर्वांत चांगली वर्षं त्या अपघातानंतरची आहेत. मधे २००२ च्या अखेरीस कॉर्कच्या खेळाडूंनी संपही केला. प्रवास, डॉक्टर, व्यायामशाळा अशा साध्या सोयींसाठी. पैसे घेत नाही म्हणून हाल सोसायचे असं थोडंच आहे? त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं असतं, आजही पटतं.

मग २००४. अंतिम सामन्यात समोर पुन्हा किलकेनी, सलग तिसऱ्या विजेतेपदासाठी आलेली. कॉर्कच्या बचावफळीने त्यांना ७० मिनिटांत एकही गोल करू दिला नाही. ०-१७ विरुद्ध ०-९. मधल्या ओळीत जॉन गार्डिनर, रोनन करन आणि डावीकडे ७ नंबरची जर्सी घातलेला शॉन ओग. त्या वर्षीचा सर्वोत्तम हर्लर तोच ठरला. ७ नंबर म्हणजे काय, हे त्या जागेवर खेळणाऱ्या तुला मी काय सांगू. गोल करणाऱ्याचं नाव होतं. आलेला चेंडू उंच हाताने पकडून, अंगावर धडका घेत बाहेर काढणाऱ्याला फक्त जाणकार ओळखतात.

आता मला जे सांगायचं आहे ते. २००५ मध्ये तो कॉर्कचा कर्णधार कसा झाला, माहीत आहे? सर्वोत्तम खेळाडू होता म्हणून नाही. कॉर्कची रीत अशी होती की आदल्या वर्षी जो क्लब काउंटीची स्पर्धा जिंकेल, त्याने कर्णधार सुचवायचा. २००४ ची स्पर्धा ना पिअर्सिगने जिंकली, म्हणून तो मान ना पिअर्सिगचा. शरद ऋतूत क्लबची पोरं जिंकली, त्यातली बरीच जण कॉर्कच्या मुख्य संघाच्या आसपासही कधी पोचली नाहीत, आणि त्यांच्यामुळे पुढच्या सप्टेंबरात शॉन ओगने गॅलवेला १-२१ विरुद्ध १-१६ असं हरवून ऑल-आयर्लंडचा लियाम मॅकार्थी चषक उचलला. ते भाषण तुला पाठ आहे. सगळं आयरिशमधून केलेलं, फिजीपासून क्रोक पार्कपर्यंतच्या लांबच्या प्रवासाचं. ते ऐकताना मला दरवेळी भरून येतं. पण चषक घ्यायच्या त्या पायऱ्यांपर्यंत त्याला क्लबने पोचवलं, हे तेव्हा फार कमी जणांच्या लक्षात आलं असेल.

आणि २०१० च्या हंगामानंतर कॉर्कने त्याला काढलं. वय ३३, तीन ऑल-आयर्लंड पदकं, पंधरा वर्षांची सेवा, आणि नव्या वर्षाच्या संघात तुझा विचार नाही, एवढं व्यवस्थापकाकडून ऐकायचं. त्याला स्वतःला अजून खेळायचं होतं. अशा वेळी काठी माळ्यावर टाकली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. २०११ मध्ये तो ना पिअर्सिगकडून खेळत राहिला. ज्या मैदानावर ११ वर्षांचा असताना पहिल्यांदा काठी धरली, तिथेच, त्याच जर्सीत. वर्ष संपता संपता जिमी बॅरी-मर्फी पुन्हा कॉर्कचा व्यवस्थापक झाला आणि त्याने शॉन ओगला परत बोलावलं. २०१२ मध्ये तो पुन्हा लाल जर्सीत उतरला. चषक नाही मिळाला. उपांत्य फेरीत गॅलवेने हरवलं आणि त्यानंतर त्याने काउंटीच्या खेळातून निवृत्ती घेतली.

तू क्लबमध्ये थांबलास तर काउंटीचं बोलावणं येईल, असं मी सुचवत नाहीये. कदाचित कधीच येणार नाही. ज्या पोरांच्या जिवावर शॉन ओग कर्णधार झाला, त्यांतल्या बहुतेकांना आलं नाही. काउंटी निवडते आणि वगळते, तिचं कामच ते आहे. क्लबने तुला कधी निवडलं नाही. तू आलास आणि त्यांनी जर्सी दिली. आपण इथे नवे होतो तेव्हा माझ्या शिफ्ट असायच्या, बाबांची गाडी नव्हती, आणि तुला सरावाला कोण न्यायचं नि कोण आणायचं ते आठव. मी आजही महिन्यातून एकदा जर्स्या धुवायला आणते आणि सामन्यानंतरच्या चहाच्या टेबलाशी उभी राहते, ते तुझ्यासाठी म्हणून सुरू झालं होतं. आता माझ्यासाठीही आहे. या गावात मला नावाने हाक मारणारी निम्मी माणसं मला त्या टेबलापाशी भेटली.

रविवारी सकाळी अकराला आपल्या ज्युनियर संघाचा लीगचा सामना आहे. डाव्या बाजूला कुणी नाही, हे मला काल दुकानात दोघांनी सांगितलं. मी त्यांना तुझ्या मेसेजबद्दल बोलले नाही, तो तुझा विषय आहे. लिमरिकहून शनिवारी संध्याकाळची बस घेतलीस तर जेवायला घरी पोचशील.

आणि सोडायचंच ठरवलं असशील तर मी अडवणार नाही. मात्र मेसेज करून सोडू नकोस. मैदानावर ये, ज्यांनी तुला हर्ली धरायला शिकवलं त्यांच्यासमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग.

तुझी,
आई