आधी मोजणाऱ्या सायकलवाल्या काकांचे आभार

काका, सप्रेम नमस्कार.

ठाण्यात चेन बदलून देणारे पुष्कळ आहेत, आधी मोजून बघणारे फार थोडे. म्हणून हे जाहीर आभार.

पेडल निसटतंय म्हटल्यावर तुम्ही स्टीलची पट्टी काढलीत. एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं की तिथून पुढची चोविसावी पिन नव्या चेनवर बरोबर 12 इंचांवर येते. इथे ती 1/8 इंच पुढे होती, म्हणजे चेन साधारण 1 टक्का लांबली होती. चेनच्या पट्ट्या ताणत नाहीत, पिना आणि त्यांच्या बैठका झिजतात. सात गिअरची चेन 0.75 टक्क्याला बदलली तर फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, सहसा वाचतं. इथे ती वेळ टळून गेली होती. नुसती नवी चेन घातली असती तर येऊरच्या चढावर जोर दिला की ती दातांवरून उडाली असती, कारण दातांमधल्या झिजून रुंदावलेल्या खाचेत नव्या चेनचा रोलर, म्हणजे पिनेवरची छोटी गोल नळी, नीट बसत नाही. म्हणून चेनसोबत फ्रीव्हीलही बदललंत. पुढच्या चकतीचे दात सरळ होते, तिला मात्र हात लावला नाहीत.

फ्रीव्हील पेडल मारून मारूनच आट्यांवर घट्ट बसत जातं. ते काढायचं हत्यार, रिमूव्हर, एक्सलच्या नटाने दाबून धरलात, व्हाइसमध्ये पकडलात आणि अख्खं चाक उलटं फिरवलंत. सैल होताच नट काढला. छिन्नी-हातोडा नाही. नवं चढवताना आट्यांना ग्रीस, हे बरेच जण विसरतात.

सगळ्यात आवडलं ते चेन कापणं. बरेच जण जुनी शेजारी लोंबकळत ठेवून तिच्या मापाने नवी कापतात, पण 1 टक्का झिजलेली 110 कड्यांची चेन कडीभर जास्तच लांब भरते. तुम्ही कड्या मोजल्यात. डिरेलरची, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या यंत्रणेची, दोन छोटी चाकंही धुताना वेगळी ठेवलीत. वरचं आडवं किंचित हलतं, खालचं नाही, आणि अदलाबदल झाली की गिअर धड पडत नाहीत.

नव्या चेनवरचं कंपनीचं ग्रीस रॉकेलने धुवायचं नाही, बाहेरून पुसायचं, ही सूचना लक्षात आहे. घोडबंदर रोडची धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून रोलरमागे एकच थेंब आणि वरून कोरडं फडकं.

तक्रार एकच: एवढ्या कामाची मजुरी फार कमी लावता. ती वाढवा.

आपला,
येऊरच्या वाटेवरचा एक गिऱ्हाईक