पोस्टमनदादा, तो दुसरा फोटो काढलात म्हणून

पोस्टमनदादा,

गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं आणि गावात सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही तेच लिहिते. गेल्या नोव्हेंबरात तुम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आईची पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यावा लागतो त्या हयातीच्या दाखल्यासाठी आला होतात. त्या दुपारबद्दल कुणाला सांगायला गेले की अजून माझा गळा दाटतो. लिहून तरी नीट सांगता येईल.

तुमच्या आधी आठ दिवस मी आईला रिक्षात घालून बँकेत नेलं होतं. कुठल्या बँकेत ते लिहीत नाही. आईचं वय 84. पायऱ्या चढायला दहा मिनिटं लागली. यंत्रावर तिची एकेक बोटं ठेवून झाली, आधी उजव्या हाताची, मग डाव्या. एकही घेतलं नाही. खिडकीमागचा माणूस मान वर न करता मला म्हणाला, "यांना ठसेच नाहीत. आधार अपडेट करून आणा." आई त्याच्यासमोरच बसली होती. तिला चांगलं ऐकू येतं. तिच्याशी तो एक अक्षर बोलला नाही. परतताना रिक्षात ती बोटं उलटसुलट करून बघत राहिली आणि घर जवळ आल्यावर म्हणाली, "माझा आंगठा कुठं गेला गो?"

दादा, तो अंगठा मला लहानपणापासून ओळखीचा आहे. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. मी शाळेत जायला लागले ते 1974-75 चे दिवस. महिन्याच्या आठ-दहा तारखेपासून आई वाटेकडे डोळे लावून बसायची. तुमच्या आधीचे, फार आधीचे पोस्टमन वहाळ ओलांडून चालत यायचे, छत्री ओटीच्या खांबाला टेकवायचे आणि पिशवीतून शाईचं पॅड काढायचे. आईचा अंगठा धरून मनीऑर्डरच्या फॉर्मवर टेकवायचे, शेजारच्या काकांची साक्ष घ्यायचे, नोटा दोनदा मोजून हातात द्यायचे. मग फॉर्मची खालची चिठ्ठी फाडून बाबांच्या दोन ओळी मोठ्याने वाचायचे. पोरीला वही घे. भात झोडून झालं का? तेवढंच. आई अंगठ्याची शाई केसांना पुसत पुसत म्हणायची, "परत एकदा वाचा." आणि ते परत वाचायचे.

तेव्हा रॉकेलच्या चिमणीवर आमचा अभ्यास व्हायचा. तार आली की आधी रडणं आणि मग वाचणं. बाबा रेल्वेत, पण त्यांना घरी यायला रेल्वे नव्हती, रात्रभर एसटीत बसून यायचे. कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सगळी सुरू झाली ती 26 जानेवारी 1998 ला, तोवर ते निवृत्त होऊन गावी आले होते. 2013 च्या जुलैमध्ये तार बंद झाली. आता फॅमिली पेन्शन परस्पर खात्यात येते, मोबाइल वाजतो आणि मी आईला सांगते, "आली गं." मला जुन्याचं वेड नाही. चुलीच्या धुराने आई वर्षानुवर्षं खोकली आहे, गॅस आला त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. पण ज्या अंगठ्यावर आमचं घर चाललं तो राखेने भांडी घासून, लावणीच्या चिखलात राबून आणि खळं सारवून झिजला, आणि त्याच झिजेपायी माझी आई कागदावर जिवंत राहीना, हे मला सहन होत नव्हतं.

मग तुम्ही आलात. चपला खाली काढून ओटीवर, आईच्या समोर, जमिनीवर बसलात. बोटं एकदा लावून बघितलीत आणि यंत्र लगेच पिशवीत टाकलंत. "आजी, राहू दे. आता चेहराही चालतो." 2021 पासून चालतो म्हणे. बँकेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. वयाची 80 वर्षं झालेल्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही मोबाइल समोर धरलात, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलीत, काम झालं. 70 रुपये घेतलेत, माझ्या शंभराच्या नोटेतले 30 परत दिलेत. मी निःश्वास सोडला, पण आईचा चेहरा उतरला होता. ती माझ्याकडे बघून पुटपुटली, "डोळे मिटले तेव्हाच फोटो काढलान. मेलेल्याचा काढतात तसा."

मी तिला गप्प करणार होते. तुम्ही पिशवी खांद्याला लावून उठला होतात, वाडीतली आणखी घरं बाकी होती. तुम्ही पुन्हा खाली बसलात. माझा मोबाइल मागून घेतलात आणि म्हणालात, "आजी, तो सरकारचा झाला. आता तुमचा काढू. पदर नीट घ्या, मी थांबतो." ती आत गेली. ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून नेसून येईपर्यंत तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाहीत. फोटो काढून झाल्यावर मोबाइल माझ्याकडे नाही, आधी तिच्याकडे धरलात. "बरा आलाय का? नसेल आवडला तर परत काढू."

तिने परत काढायला लावला! आणि तुम्ही काढलात.

त्या आठ दिवसांत तिला स्वतःला काही विचारणारे तुम्ही पहिले. म्हातारं माणूस नीट टेकल्याशिवाय डबल बेल न देणारा एसटीचा कंडक्टर, डोळ्यांत थेंब घालताना "घालू का हो?" विचारणारी सरकारी दवाखान्यातली सिस्टर, अशी माणसं आहेत म्हणून मी आईला गावी एकटं ठेवून डोंबिवलीत झोपू शकते. कुठल्याही नियमात त्यांना हे लिहून दिलेलं नसतं.

तो फोटो मी मोठा करून आणला. बाबांच्या मनीऑर्डरच्या चिठ्ठ्या जिथे आहेत, त्याच ट्रंकेत तो तिने ठेवलाय आणि येईल त्याला काढून दाखवते. त्या दिवशी चहा न घेता गेलात, ते मात्र ती अजून विसरलेली नाही. ऑक्टोबरात याल तेव्हा जरा वेळ काढून या. तांदळाच्या भाकऱ्या आता मी थापते, पण तुमच्यासाठीची ती स्वतः थापणार आहे, तिने सांगून ठेवलंय.

तुमची,
हिरव्या लुगड्यातल्या आजींची मुलगी