राऊटर असला तरी विंडोजची फायरवॉल चालू ठेव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. प्रिंटर दिसेना म्हणून तू विंडोजची फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारी व्यवस्था, सरळ बंद केलीस, आणि वर मलाच विचारतोस की राऊटरमध्ये एक आहेच, मग दुसरी कशाला? आधी ती चालू कर, मग पुढचं वाच. प्रिंटरचं शेवटी सांगतो.

प्रश्न वेडगळ मात्र नाही. राऊटर खरंच पुष्कळ काम करतो. घरातल्या उपकरणांना तो खाजगी पत्ते वाटतो, ते सहसा १९२.१६८ ने सुरू होणारे, आणि बाहेरच्या जगाला सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दाखवतो. तुझ्या कॉम्प्युटरने बाहेर काही मागितलं की तो आपल्या तक्त्यात नोंद करतो आणि उत्तर आलं की ती नोंद बघून योग्य जागी पोचवतो. न मागता काही आलं तर त्याची नोंदच नसते, त्यामुळे ते तिथेच टाकून दिलं जातं. इंटरनेटवर दिवसरात्र कुणी ना कुणी उघडी पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरची नेटवरून ये-जा होणारी क्रमांक दिलेली दारं, चाचपत असतं. त्यातलं बहुतेक काही तुझ्या कॉम्प्युटरपर्यंत येतच नाही.

याची किंमत कळायची तर २००३ चा ऑगस्ट आठव. ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, आला होता. पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद पडून पुन्हा चालू व्हायचं. कुणी कसली फाइल उघडलेली नसायची की कुठे क्लिक केलेलं नसायचं. दुरुस्ती न घातलेलं विंडोज, थेट इंटरनेटची जोडणी आणि उघडं पोर्ट १३५, एवढं त्याला पुरायचं. गंमत म्हणजे तेव्हाच्या विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. २००४ च्या ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे सुधारणांचा संच, आला, तेव्हा कुठे ती आपोआप चालू मिळू लागली. मधे राऊटर असलेल्यांना बाहेरून येणारा हा वर्म सहसा गाठू शकत नव्हता. पण लागण झालेला एखादा लॅपटॉप कुणी आत आणून जोडला, की राऊटरच्या हातात काही उरत नसे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. लोक सांगतात की राऊटर म्हणजे गेटवरचा वॉचमन आणि कॉम्प्युटरची फायरवॉल म्हणजे दाराची कडी. मला ही उपमा अर्धवट वाटते. तिच्यामुळे वाटतं की दोघांचं काम एकच, फक्त दुसरी पहिलीच्या मागे उभी. प्रत्यक्षात दोघींना दिसतं तेच वेगळं. राऊटरला पत्ते आणि पोर्ट दिसतात, पण कॉम्प्युटरवरचा कोणता प्रोग्रॅम बोलतोय हे त्याला कळत नाही. ब्राउझर असो की कुठून तरी आलेलं फुकटचं गेम, दोघंही पोर्ट ४४३ वरून बाहेर गेले तर त्याला सारखेच. विंडोजची फायरवॉल मात्र नियम प्रोग्रॅमच्या नावाने लावते. शिवाय टीव्ही, कॅमेरा, पाहुण्यांचे फोन आणि तुझा कॉम्प्युटर आपसांत जे बोलतात ते राऊटरची फायरवॉल सहसा तपासतच नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा वर्म पसरला तो फाइल शेअरिंगच्या पोर्ट ४४५ वरून, आणि एकदा आत शिरला की एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर. तिथे अडवायला प्रत्येक कॉम्प्युटरची स्वतःचीच फायरवॉल हवी. लॅपटॉप घेऊन बाहेर गेलास की राऊटर तर घरीच राहतो.

उलट बाजूही आहे. कॉम्प्युटरवर एखाद्या घातक प्रोग्रॅमला ॲडमिनचे, म्हणजे सगळं बदलण्याचे, अधिकार मिळाले, तर तो विंडोजची फायरवॉल बंद करू शकतो. राऊटर वेगळं यंत्र असल्याने तिथे ते इतकं सोपं नाही, अर्थात त्याचा पासवर्ड तू बदलला असशील तर. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असंख्य कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले ते कंपनीने दिलेले पासवर्ड तसेच ठेवल्यामुळे. राऊटरमध्ये शिरलास की यूपीएनपीही बंद कर. त्या सोयीमुळे घरातलं कोणतंही उपकरण तुला न विचारता बाहेरून येणाऱ्यांसाठी राऊटरचं पोर्ट उघडून घेऊ शकतं. एखाद्या गेमला त्याची गरज पडली तर तेवढंच पोर्ट हाताने उघड. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, चालू असेल तर त्याची फायरवॉल सुरू आहे ना, तेही बघ. तिथे प्रत्येक उपकरणाला बहुधा स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, त्यामुळे एका पत्त्याआड लपण्याचा फायदा उरत नाही.

एकाच कॉम्प्युटरवर दोन सॉफ्टवेअर फायरवॉल मात्र चालवू नकोस. दोघी एकमेकींच्या पायात पाय घालतात, आणि नेट का बंद पडलं हे शोधता शोधता तुझा दिवस जाईल. विंडोजची पुरेशी आहे. ती मुळात बाहेरून येणारं अडवते आणि बाहेर जाणारं जाऊ देते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर परवानगी विचारणारे प्रोग्रॅम मिळतात, पण माझं मत विचारशील तर नको. चार दिवसांत माणूस कंटाळतो आणि न वाचताच 'अलाउ' दाबायला लागतो. एखाद्या विशिष्ट प्रोग्रॅमबद्दल शंका असेल तर त्याच्यापुरता नियम लाव.

आणि खोट्या मेलमधल्या लिंकवर तू स्वतःच पासवर्ड टाकलास, तर दोन्हींचा काही उपयोग नाही.

आता प्रिंटर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये तुझ्या वायफायच्या नावावर जा. तिथे प्रोफाइल बहुतेक 'पब्लिक' असेल. ते 'प्रायव्हेट' कर, म्हणजे घरातली उपकरणं दिसायला लागतील आणि फायरवॉलही चालू राहील. हे फक्त घरच्या नेटवर्कला, बाहेरच्या वायफायवर 'पब्लिक'च ठेव. तरीही प्रिंटर दिसला नाही, तर तो गेस्ट नेटवर्कला, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला, जोडला गेलाय का बघ. तेही नसेल, तर राऊटरच्या मागच्या बाजूचा मॉडेल नंबर लिहून पाठव. त्याचं माहितीपुस्तक काढून बघतो.

तुझा,
अविनाश