आईच्या गुडघ्यासाठी एफडी मोडू नका, बाबा

आई, बाबा,

फोनवरच बोलणार होते पण बाबा मधेच "कळतंय मला सगळं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. आई, बाबांचं वाचून झालं की तू स्वतः पण वाच, ते अर्धं गाळून सांगतात.

पोवई नाक्याजवळ जे शिबिर झालं त्याचा कागद दादाने व्हॉट्सअॅपला पाठवला. पोटातली चरबी काढून गुडघ्यात सोडणार, त्यातल्या स्टेम सेलने, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींनी, झिजलेली गादी परत उगवणार, ऑपरेशन नको, एका गुडघ्याचे १ लाख ६० हजार. आणि बाबांनी तिथल्या तिथे ११ हजार भरून पण टाकले! मेथीच्या जुडीला दोन रुपयांवरून घासाघीस करणारा माणूस हा.

बाबा, हे अगदीच थोतांड आहे असं मी म्हणत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन म्हणून मी अशा केसला उभी राहिलेय. पोटाची जागा बधिर करतात, औषध मिसळलेलं सलाइन आत सोडतात आणि बोथट नळीने चरबी ओढून घेतात. ती सिरिंज उभी करून ठेवली की थर पडतात, वर तेल, मधे पिवळी चरबी, खाली लालसर पाणी, आई तू लोणी कढवून खाली उतरवतेस ना, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तेच आठवलं. मग चरबी धुऊन बारीक करतात आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडतात. काही ठिकाणी त्यात एन्झाइम घालून नुसत्या पेशी वेगळ्या काढतात, तो प्रकार वेगळा, पण त्या कागदावर दोन्हीची खिचडी केलीय, मला तिथेच शंका आली.

चरबीत अशा पेशी असतात आणि लॅबमध्ये त्यांच्यापासून हाडाच्या, कूर्चाच्या (म्हणजे गुडघ्यातली ती गादी) पेशी बनवता येतात हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, ते खरंय. पण लॅबमधल्या ताटलीत जमलं ते आईच्या गुडघ्यात, दिवसातून दहा वेळा जिना चढउतर करणाऱ्या, जमेलच असं कुठंय? अमेरिकेतच मोठी चाचणी झाली, २०२३ साली निकाल आला, ४७५ लोक, कुणाला बोनमॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) पेशी, कुणाला चरबीच्या, कुणाला नाळेच्या आणि कुणाला आपलं साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन. वर्षभरानंतर दुखणं कमी होण्यात यातलं काहीच स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही, आणि एमआरआयमध्येही गादीत फरक दिसला नाही. लोकांना बरं वाटलं, सगळ्याच गटांत वाटलं. म्हणजे शेजारच्या काकू "मला फरक पडला" म्हणतात ते खोटं नसेलही, पण गादी उगवली म्हणून पडला असं काही नाही.

अजून एक, आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्स आहेत, त्यात रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त चाचणीतच द्यायच्या असं आहे, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. मग हे १ लाख ६० हजार कसले? त्यांना हेच विचारा बाबा, तुम्ही विचारायला घाबरत नाही कुणाला. ११ हजार परत मिळाले तर उत्तम, नाही तर गेले म्हणायचं.

आईची शुगर पण आहे, गुडघ्यात इन्फेक्शन झालं तर महिनाभर तीच झोपून आणि तुम्ही स्वयंपाकघरात. विचार करा.

आई, तू आधी मांडीचे व्यायाम कर, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, हळू खाली. फिजिओने सांगितलेला कागद फ्रिजवर लावला होतास तो कुठे गेला? वजन चार-पाच किलो कमी झालं तरी गुडघ्याला बराच आराम पडेल. आणि खरंच गादी संपली असेल तर बदलायचं ऑपरेशन करू, २०१७ पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातलीय, पूर्वीसारखं नाही राहिलं. त्यासाठी एफडी मोडावी लागली तर मी स्वतः बँकेत येते.

शनिवारी स्वारगेटवरून सकाळच्या एसटीने निघतेय. आईचा उभं राहून काढलेला एक्सरे शोधून ठेवा, माझ्या आठवणीप्रमाणे लोखंडी कपाटात लग्नाच्या अल्बममागे आहे, आमच्या डॉक्टर सरांना दाखवते. आणि पेढे आणू नका, मागच्या वेळचे अर्धे आईनेच संपवले होते.

तुमची,
मनू