पालकसभेतले दीड मिनिट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘पालक शाळेकडे फिरकतच नाहीत’ ही कॅथलिक शाळांच्या शिक्षकखोलीतली जुनी तक्रार. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. चाळीस मुलांचा वर्ग आणि पालकसभेला एक तास म्हटले, की एका घराच्या वाट्याला दीड मिनिट येते. तेवढ्या वेळात प्रगतिपुस्तकावर सही होते आणि ‘गणितात कच्चा आहे, जरा लक्ष द्या’ एवढे ऐकता येते. त्यासाठी कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा पडत असेल, तर पुढच्या सभेला ती आई आली नाही यात नवल कसले?

या शाळांना बाहेरून कुणी नियम घालून द्यायला नको, ते त्यांच्या घरातच आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयी घोषणापत्र काढले. मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्याचे आईवडील, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतला ७९६ वा नियम तर दोन्ही बाजूंना कामाला लावतो. पालकांनी शिक्षकांशी जवळून सहकार्य करावे, शिक्षकांनीही पालकांचे म्हणणे आपणहून ऐकावे, पालकांचे संघ किंवा सभा स्थापन कराव्यात आणि त्यांना मान द्यावा, असे तो सांगतो. यातले ‘ऐकावे’ नेमके वेळापत्रकात कुठे बसते, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

तो बसवता येतो. प्रत्येक घराला पंधरा मिनिटे द्यायची : बारा बोलण्याची, तीन टिपण लिहिण्याची. चाळीस घरांचे दहा तास होतात. रोज दोन तास धरले तर पाच संध्याकाळी, दर संध्याकाळी आठ घरे. वर्षातून दोनदा हे जमवायचे, तर त्या आठवड्यात वर्गशिक्षकाला तपासणीच्या वह्या आणि जादा तासांतून मोकळे करावे लागते. मुख्याध्यापकांनी तेवढे केले नाही, की सगळी योजना दुसऱ्याच संध्याकाळी कोलमडते. पहिली भेट वर्ष सुरू झाल्यावर सहा आठवड्यांच्या आत व्हावी. तेव्हा अजून परीक्षा झालेली नसते, त्यामुळे गुणांवरून वाद घालायला कुणाकडेच काही नसते.

भेटीतला क्रमही महत्त्वाचा. पहिली चार मिनिटे पालकांची. मूल घरी कशात रमते, काय टाळते, घरातली कोणती गोष्ट शाळेला ठाऊक असायला हवी, हे तीन प्रश्न पुरतात. मग शिक्षकाने वही उघडावी. ‘गणितात कच्चा’ हे वाक्य घरी नेऊन कुणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी वहीतले एकच उदाहरण दाखवावे : ५२ वजा २७, मुलाने उत्तर लिहिले आहे ३५. दशक उसना घेऊन त्याने बारातून सात बरोबर वजा केले, पाच आले. पण उसना दिल्यावर पाचाचे चार करायला तो विसरला आणि पाचातून दोन वजा करून बसला. उत्तर २५ हवे होते. म्हणजे मुलाला वजाबाकी येते, एक पायरी सुटते. आता घरी काय करायचे हे आईला कळते : आठवडाभर रोज अशी पाच गणिते, आणि उसना घेतल्याबरोबर वरचा अंक खोडून नवा लिहायला लावायचे. ठरले तेवढे एका चिठ्ठीच्या दोन प्रतींवर लिहावे, एक घरी, एक शाळेत. दुसरी भेट त्याच चिठ्ठीने सुरू करायची. आणि खुर्च्या सारख्या उंचीच्या ठेवा हो! बालवर्गातल्या बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला बाप मनातले बोलत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २० मे २०१५ च्या जाहीर भेटीत कुटुंब आणि शाळा यांच्यातला करार मोडला आहे, असे म्हटले होते. त्याच वेळी त्यांनी स्वतःची आठवण सांगितली : चौथीत असताना त्यांनी बाईंना वाईट शब्द वापरला, बाईंनी आईला बोलावले, आईने शाळेत माफी मागायला लावली आणि घरी गेल्यावर आणखी समाचार घेतला. हल्लीचे पालक उलट शिक्षकालाच जाब विचारतात हे दाखवायला ही आठवण सांगितली जाते. पण तिच्यातला एक तपशील निसटतो. बाई आणि आई आधी आपसांत बोलल्या, मुलाला नंतर बोलावले. शाळेतून तक्रारीची चिठ्ठी मुलाच्याच हाती पाठवली, की हा क्रम उलटतो आणि घरी पोचते ती मुलाची बाजू. तक्रार फोनवर किंवा समोरासमोर, त्याच दिवशी सांगावी. आणि घरी जाणारा वर्षातला पहिला फोन तक्रारीचा नसावा.

व्हॉट्सअॅप गटावर सूचनांचा पूर येतो हे वेगळे सांगायला नको. एका संदेशात एकच काम. तारीख पहिल्या ओळीत. काय आणायचे, कुणाला विचारायचे, बस. ज्या घरी वाचण्याची अडचण आहे तिथे अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश, घरच्या भाषेत. मुलाला दुभाषा करू नये, स्वतःविषयीचे वाईट ते गाळणारच. आईवडील वेगळे राहत असतील आणि कायद्याने अडसर नसेल, तर सूचना दोघांना स्वतंत्र जावी.

धर्माच्या बाबतीत दोन वेगळ्या चुका दिसतात. कॅथलिक घरांशी : पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (पवित्र भाकर मूल प्रथमच स्वीकारते त्या विधीची) तयारी म्हणजे मुलाला त्या वर्गापर्यंत पोचवून निघून जाणे, अशी सवय शाळेनेच लावलेली असते. महिन्यातून एक वर्ग आईवडील आणि मूल यांचा एकत्र घेतला, तर निदान घरी कोणती प्रार्थना म्हणायची यावर तरी बोलणे होते. अन्य धर्मांच्या घरांशी : प्रवेशाच्या वेळी कुणी काही बोलत नाही आणि पहिल्या मिस्साच्या (कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेच्या) दिवशी गैरसमज उफाळतो. मुलांना कोणते धार्मिक शिक्षण द्यायचे हे ठरवण्याचा हक्क पालकांचा, असे परिषदेच्याच धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात (७ डिसेंबर १९६५) आहे. तेव्हा सकाळची प्रार्थना, मिस्सा, धर्मशिक्षण, मूल्यशिक्षण यांतले काय सर्वांसाठी आणि काय ऐच्छिक, ऐच्छिक तासाला मूल कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली बसेल, हे एका पानावर लिहून प्रवेशअर्जासोबतच द्यावे. धर्म लपवू नये, लादूही नये. फादर किंवा सिस्टरांनी ते पान स्वतः समजावून सांगितले तर आणखी बरे.

राहता राहिला शिक्षक-पालक संघ. बहुतेक ठिकाणी तो स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या लावतो आणि निधी गोळा करतो. प्रत्येक वर्गातून एक प्रतिनिधी निवडून यावा, नेमलेला नको. विषयपत्रिका आठ दिवस आधी मिळावी, इतिवृत्त तीन दिवसांत. गृहपाठ किती, सहल कुठे, तक्रार कुणाकडे करायची यांवर संघाचे मत घेतले, तर निर्णय काय झाला आणि का, हे पुढच्या बैठकीत सांगावे. मत मागवून गप्प बसणारी शाळा दुसऱ्यांदा विचारते तेव्हा कुणी तोंड उघडत नाही. मदतीला येणाऱ्या पालकाला मुलांसोबत एकटे सोडू नये, हा नियम सर्वांना सारखा, अध्यक्षांनाही. आणि निधीचा विषय पत्रिकेत शेवटी ठेवावा. तो पहिला आला की बैठकीचा तास त्यातच संपतो.

आपली,
एक शिक्षिका