किराचा शेवट हा अपघात नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'डेथ नोट' या जपानी ॲनिमेच्या शेवटावर आलेला लेख वाचला. नाव लिहिलं की चाळीस सेकंदांत माणूस मरतो अशी वही हाती लागून 'किरा' या नावाने गुन्हेगारांना मारत सुटलेला लाइट यागामी हरला तो केवळ नशिबाने, त्याचा भक्त मिकामीने ऐनवेळी माती खाल्ली नसती तर किरा जिंकलाच होता, असा लेखाचा सूर आहे. माझ्या ऑफिसातली ज्युनिअर मुलंही हेच म्हणतात. मी फौजदारी वकिली करते. ३७ भागांची ही मालिका मी पाहिली आहे, मूळ मंगाही (जपानी चित्रकथा) वाचली आहे, आणि हे मत मला मुळीच पटत नाही. ज्यांनी मालिका अजून पाहिली नसेल त्यांनी पत्र इथेच बाजूला ठेवावं, कारण पुढे सगळा शेवट उघड केला आहे.

यलो बॉक्स गोदामातला प्रसंग आठवा. दाराच्या फटीतून मिकामी आत बघतोय. शिनिगामीचे, म्हणजे मृत्युदेवतेचे, डोळे मिळाल्यामुळे त्याला प्रत्येकाचं नाव दिसतं आणि तो ती भराभर वहीत लिहीत जातो. चाळीस सेकंद पुरे व्हायच्या आतच लाइट त्याच्या मागावर असलेल्या निअर या गुप्तहेराला सांगून मोकळा होतो की मी जिंकलो. सेकंद संपतात, कोणीच मरत नाही. वही उघडून बघतात तर आत उभ्या असलेल्या सगळ्यांची नावं तिच्यात आहेत, फक्त लाइटचं नाही. आणि मिकामी त्याला सगळ्यांसमोर 'देवा' म्हणून हाक मारतो! एवढा पुरावा कुठल्याही कोर्टात पुरेल.

ती वही बनावट होती, कारण खरी वही बँकेच्या लॉकरमधून निअरच्या माणसाच्या हाती लागली होती. ती लागली कशी, हाच खरा मुद्दा आहे. मिकामी पेशाने सरकारी वकील, घड्याळाच्या काट्यावर जगणारा. बँकेत जायचा तो दर महिन्याच्या २५ तारखेला. निअरचा प्रतिस्पर्धी मेलोने किराची प्रवक्ती ताकादाला पळवलं तेव्हा लाइट पोलिसांच्या गराड्यात होता. देवाला आता काही करता येणार नाही, असं समजून मिकामी २६ तारखेलाही बँकेत गेला आणि खऱ्या वहीत ताकादाचं नाव लिहून आला. पाळतीवर असलेल्या निअरच्या माणसाच्या, जेवानीच्या, ते लगेच नजरेत भरलं. पण लाइटने घड्याळात लपवलेल्या वहीच्या कागदाच्या कपट्यावर ताकादाचं नाव आधीच लिहिलं होतं. दोन माणसांनी एकाच बाईला, एकमेकांना पत्ता नसताना मारलं.

याला नशीब कसं म्हणायचं? लाइटने मिकामी निवडला तोच मुळी न सांगता आपल्या मनातलं ओळखतो म्हणून. त्याने ओळखलं, आणि घात झाला. जिथे आरोप ठेवणारा, निकाल देणारा आणि फाशी देणारा एकच असतो, तिथे दुसऱ्याने स्वतःचं डोकं चालवलं की सगळा डोलारा कोसळतो. आमच्या कोर्टात पोलीस, सरकारी वकील, बचावाचा वकील आणि न्यायाधीश एकमेकांच्या चुका काढत बसतात, त्याला लोक वैतागतात. मीही वैतागते. पण चूक निस्तरायला तिथे वाव असतो. किराच्या राज्यात तो कुणालाच नव्हता, अगदी किरालासुद्धा नाही.

लेखात मात्सुदाचा उल्लेखही नाही याचं मला फार वाईट वाटलं. किराचा तपास करणाऱ्या पथकातला सगळ्यात साधा, किरा अगदीच वाईट नाही असं अधूनमधून वाटणारा हा पोलीस. लाइट शेवटचं नाव लिहायला जातो तेव्हा गोळी झाडतो तो हाच, आणि रडत विचारतो की मग तुझे वडील कशासाठी मेले? सोइचिरो यागामींच्या हातात वही होती, शिनिगामीचे डोळे होते, मेलोचं खरं नाव समोर दिसत होतं. तरी त्यांनी ते पुरं लिहिलं नाही. माझ्या मते संपूर्ण कथेतली न्यायाची एकमेव कृती तीच आहे. लाइटचं उत्तर काय, तर असे सरळ लोक हरतात म्हणूनच जग बदलायला हवं. लगेच पुढच्या श्वासात तो मात्सुदाला इतरांवर गोळ्या झाडायला सांगतो.

मृत्यूबद्दल थोडंच लिहिते. ॲनिमेत जखमी लाइट मावळतीच्या उन्हात पळत सुटतो, जिन्यावर कोसळतो, त्याला एल, त्याने मारलेला जुना प्रतिस्पर्धी गुप्तहेर, दिसतो. दृश्य सुंदर आहे, पण त्यामुळे त्याच्याबद्दल नको तेवढी कणव वाटते. मंगात तो गोदामातच र्‍यूक या शिनिगामीपुढे मरायचं नाही म्हणून गयावया करतो. हजारो लोकांना मारणाऱ्याला मरणाची भीती पहिल्यांदा कळते ती अशी, आणि मला तेच जास्त खरं वाटतं. र्‍यूक त्याचं नाव लिहितो ते शिक्षा म्हणून नव्हे. तू मरताना तुझं नाव मीच लिहीन, हे त्याने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. त्याला फक्त कंटाळा आला होता.

म्हणूनच 'अखेर कायद्याचा विजय' हे लेखाचं शीर्षक मला खटकलं. मंगात निअर स्पष्ट सांगतो की लाइटला तो कुणालाही न कळू देता मरेपर्यंत डांबून ठेवणार होता. खटला नाही, वकील नाही, निकाल नाही. किरा पकडला गेला हे खरं, पण त्याला न्यायालयासमोर उभं करायची तयारी त्या गोदामात कुणाचीही नव्हती. पुढच्या लेखात आपल्या लेखकांनी यावर जरूर लिहावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा