बंगला विका, पण विश्रामबाग सोडू नका

बेंगळुरू,
रविवार

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, जाहिरातीचा मजकूर मिळाला. 'सांगली, विश्रामबाग येथे शांत वसाहतीत प्रशस्त बंगला विकणे आहे. साडेपाच गुंठे प्लॉट, ४ बेडरूम, बोअरचे मुबलक पाणी, भरपूर उजेड-वारा. एजंट क्षमस्व.' दादाने ग्रुपवर अंगठा दाखवला आणि मोकळा झाला. मला एवढ्यावर भागवता येईना. फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि तुम्ही फोन तिच्याकडे देऊन झाडांना पाणी घालायला जाता. कागदावरून असं उठून जाता येत नाही, म्हणून पत्र.

आधी मजकुराबद्दल. ४ बेडरूम लिहू नका, ३ लिहा. माझ्या दहावीच्या वर्षी मागच्या अंगाला काढलेली खोली मंजूर नकाशात नाही. तो निळा नकाशा कपाटात सगळ्यात खाली, घड्यांवर फाटत आलेला, नगरपालिकेच्या काळातल्या शिक्क्याचा. तो एकदा उघडून बघा, पण हळू, आणि आधी त्याचा फोटो काढून घ्या. घेणारा माणूस बँकेचं कर्ज काढणार. बँकेचा इंजिनियर नकाशा हातात घेऊन भिंती मोजणार आणि त्या खोलीपाशी थांबणार. मग व्यवहार महिनाभर अडकतो, आणि अडलेल्या व्यवहारात भाव विकणाऱ्याचाच पडतो. एखाद्या आर्किटेक्टला दाखवून खोली नियमित करून मिळते का ते विचारा. नाही मिळाली तर गिऱ्हाईकाला पहिल्या दिवशीच सांगा, 'मागे एक जादा खोली आहे, ती नकाशात नाही.'

यावरून घर बघायला आलेल्या त्या जोडप्याची गोष्ट. आईने त्यांना पोहे दिले आणि पोह्यांबरोबरच सांगून टाकलं, की वरच्या बाथरूमच्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते. तुम्ही तिच्यावर रागावलात म्हणे. बाबा, मी आईच्या बाजूची आहे. १९८४ च्या स्लॅबला ओल येते हे घेणाऱ्यालाही कळतं. तो बुटाने फरशी ठोकत फिरत होता तो काही फरशीच्या प्रेमाने नव्हे. ज्या घरात बाई आपणहून ओल दाखवते, तिथे बाकी काही लपवलेलं नसावं असंच त्याला वाटलं असणार. ते परत आले नाहीत ते भावामुळे, ओलीमुळे नाही. तरी ओल थांबवायला गच्चीवर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) नव्याने करायच्या खर्चात आता पडू नका. जो घेईल तो एक तर सगळं पाडणार, नाहीतर सगळं बदलणार.

आता कराचं. तुम्ही १९७९ ची सोसायटीची पावती धरून बसला आहात आणि 'एवढ्याशा पैशाला घेतलेली जागा, सगळा नफा सरकार नेईल' असं आईला सांगताय. तसं नाही. २००१ च्या आधी घेतलेल्या मालमत्तेला १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. त्या दिवशी रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरपत्रकाने, जी किंमत होती तिच्या वर जाता येत नाही, एवढंच. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून त्या तारखेचा दाखला घ्यायचा. पुढे दोन वाटा आहेत. महागाई निर्देशांकाने ती किंमत वाढवायची (ती आता साधारण पावणेचारपट होते) आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के भरायचे, किंवा काहीही न वाढवता सरळ १२.५ टक्के. जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घर-जमिनीला ही निवड ठेवलेली आहे. आपल्याला कोणती वाट स्वस्त पडते ते सीए अर्ध्या तासात सांगतील. मी त्यांच्याशी बोलले आहे, फक्त तुम्ही जाऊन बसायचं आहे.

शिवाय नफ्यातून दुसरं राहतं घर घेतलं, तर तेवढ्यावर कर नाही. विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षं, एवढी मुदत आहे. त्यामुळे 'आज विकलं की उद्या घ्यायलाच हवं' ही घाई डोक्यातून काढा. उरलेल्यातले ५० लाखांपर्यंत सरकारी बाँडमध्ये ६ महिन्यांच्या आत घालता येतात, पण ते ५ वर्षं अडकतात. तुमचं वय ७८. मला विचाराल तर सगळे ५० लाख तिथे कोंडण्यापेक्षा थोडा कर भरलेला परवडला. दवाखान्याला लागणारा पैसा हाताशी हवा.

आणि रोखीचं. कोपऱ्यावरचा तो मध्यस्थ 'चाळीस टक्के बाजूने घेऊ, कर वाचेल' म्हणतोय. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे तुम्हाला. त्याला काही नाही, तो तोवर दुसऱ्या गल्लीत. जन्मभर एलआयसीच्या हप्त्याची पावतीसुद्धा फाईलला लावून ठेवणारा माणूस म्हातारपणी गादीखाली नोटा ठेवणार? तुम्हाला झोप लागणार नाही, आणि तुम्ही आईलाही झोपू देणार नाही.

बिल्डरने जागा घेऊन दोन फ्लॅट द्यायचं जे बोलणं काढलंय, त्यालाही नाही म्हणा. कागदावर हिशेब चांगला दिसतो हे खरं. पण तीन वर्षं म्हणून सांगितलेलं काम किती वर्षं चालेल ते कोणी सांगावं. तोवर तुम्ही भाड्याच्या घरात आणि रोज सकाळी फिरायला म्हणून साइटवर. सिमेंटच्या गोण्या मोजत बसाल, मला माहीत आहे.

हे सगळं व्यवहाराचं झालं. तुमचं घोडं अडलंय ते भलतीकडेच, हे मला मागच्या वेळी आल्यावर कळलं. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेला उतरले, तुम्ही स्टेशनवर न्यायला आलात आणि रिक्षात मध्येच म्हणालात, "पूर आला तर ती सगळी कुठं जातील गं?"

म्हणजे मामा, काकू, नदीकाठच्या गावभागातली सगळी. २००५ ला ती आपल्याकडे आली आणि २०१९ ला पुन्हा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा मी इथून टीव्हीवर बघत होते आणि फोन लागत नव्हता. लागला तेव्हा मागून इतके आवाज येत होते, की लग्नघरच वाटावं. हॉलमध्ये सतरंज्या, माळ्यावरची जुनी भांडी खाली काढलेली, गच्चीवर कोणाचे तरी भिजलेले शाळेचे दाखले दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेले. आई दोन कुकर लावून भात उतरवतेय आणि काकू कपाळाला हात लावून बसलेल्या, कारण हळदीची पोती गेली. जाहिरातीतलं 'प्रशस्त' मला तेव्हा कळलं. तीन माणसांच्या घराला एवढा हॉल कशाला म्हणून मीच तुम्हाला चिडवत असे.

पण बाबा, त्या आठवड्यात बोअरची मोटर बंद होती, वीज नव्हती, आणि तुम्ही शेजारच्या विहिरीवरून कळश्या आणत होतात. हे मला मामाने सांगितलं. तुम्ही दोघांनी नाही. पुढच्या वेळी कळशी कोण उचलणार? मामाचा मुलगा आता कुपवाडकडे राहायला गेला, काकूंच्या लेकीचं घर मिरजेत आहे. त्यांना जायला जागा आहे. त्यांनी तुमची काळजी करायचे दिवस आलेत, तुम्ही त्यांची नाही. आणि वसाहत शांत आहे हे खरंच, पण समोरच्या ओळीत तीन फाटकांना कुलपं आहेत आणि डावीकडच्या घरात आजी एकट्याच असतात. आईचा पाय जिन्यावर घसरला तेव्हा तुम्ही हाक मारली ती दूधवाल्याने ऐकली. तो पाच मिनिटं आधी येऊन गेला असता तर?

म्हणून विका. मात्र विकून इकडे येऊ नका. हे वाचून वाईट वाटेल, पण पुढचं वाचा. दादा म्हणतो इकडे या, मीही कितीदा म्हटलंय, आणि तुम्ही आलात तर मला आनंदच आहे. पण मागच्या उन्हाळ्यात आलात तेव्हा बाबा लिफ्टमध्ये भेटेल त्या प्रत्येकाला 'आपण मूळचे कुठले' विचारत होते, आणि उत्तर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आलं की गप्प होत होते. आईने बाल्कनीतून खाली बघत महिना काढला. तिथे तुम्हाला भाजीवाली नावाने ओळखते, औषधवाला गोळी संपायच्या आत फोन करतो, मिरजेचे डॉक्टर वीस मिनिटांवर आहेत. हे सोडून माझ्या अकराव्या मजल्यावर काय करणार? पाहुणे म्हणून या, हवे तेवढे राहा, परतीचं तिकीट काढूनच या.

विश्रामबागेतच फ्लॅट बघा. दोन बेडरूमचा, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला जनरेटर असलेला. आधी सहा महिने भाड्याने राहून बघा, बंगला तोवर तसाच राहू दे. नळाला पाणी किती वाजता येतं, वरचा मजला रात्री पाट्यावर चटणी वाटतो का, हे राहिल्याशिवाय कळत नाही. नाहीच रुचलं तर बंगल्यात परत जा, मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

आणि फ्लॅट आईच्या नावाने. इथे मी सीएंशी बराच वेळ वाद घातला. बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणून मी म्हटलं एकट्या आईचंच नाव घाला. ते म्हणाले, बंगला बाबांच्या नावावर आहे. त्यांचा नफा आणि घर दुसऱ्याच्या नावावर, असं केलं तर कराच्या सवलतीवर आक्षेप येऊ शकतो. दोघांची नावं घातली तर ती भीती जवळजवळ जाते, पण १ टक्का हातचा जातो. तर जाऊ दे तो १ टक्का. खतात दोघांची नावं, पण पहिलं आईचं. दाराच्या पाटीवरही. आजवर तिचं नाव गॅसच्या कार्डावर तेवढं आहे.

तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे ओटा उतरवून घ्यायचा. आपल्या घरचा कडाप्पाचा ओटा तुम्ही गवंड्याशी भांडून आईच्या उंचीला बसवलात. त्या जोडप्यातली बाई म्हणाली ना, 'ओटा फारच खाली आहे'? असू दे तिला. फ्लॅटचे ओटे सगळे एकाच मापाचे असतात, आई चपात्या लाटताना खांदे वर करून लाटेल आणि तुम्हाला एक शब्द सांगणार नाही. तेव्हा माप घेऊन ठेवा, जमिनीपासून कडेपर्यंत.

पैशाचं शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. विक्रीचे पैसे दादाला आणि मला वाटायचे नाहीत. तुम्ही मनात तीन भाग करून ठेवलेत हे आईने मला सांगितलंय. दादाशी मी बोलले. त्याच्या घराचे हप्ते चालू आहेत, पहिल्यांदा थोडा गप्प झाला, पण त्याला पटलं. रक्कम तुम्हा दोघांच्या जोडखात्यात राहील. तुमच्या माघारी जे उरेल त्याचं मृत्युपत्रात लिहा, आणि मृत्युपत्र नोंदवून घ्या. आमच्यापैकी कोणी आत्ता मागितलं, मी मागितलं तरी, देऊ नका. पुढे कोणाकडे हात पसरायची वेळ तुमच्यावर आली तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

सोसायटीच्या हस्तांतर शुल्काला महापालिका हद्दीत २५ हजारांची कमाल मर्यादा आहे. त्यावर कोणी 'देणगी' मागितली तर पावतीसकट लेखी मागा, आपोआप गप्प बसतील. गिऱ्हाईकाकडून इसार घ्याल तो चेकने, आणि खरेदीखत नोंदवल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. 'सामान आणून ठेवतो फक्त' म्हणाला तरी नाही.

मी गणपतीच्या आधी चार दिवस येते. माळा मी रिकामा करीन, तुम्ही शिडीवर चढू नका. आईने पाटा-वरवंटा नेणार म्हणून सांगितलंय, तो न्यायचाच, त्यावर वाद नको. दादाच्या ट्रॉफ्यांचे फोटो काढून त्याला पाठवते, ठेवायच्या की नाहीत ते त्याने ठरवावं. बाबांच्या १९७९ पासूनच्या डायऱ्यांना मी हात लावणार नाही.

आणि मंगळवारी वकिलांकडे जाल तेव्हा मूळ खरेदीखत सोबत नेऊ नका. झेरॉक्स न्या, सिटी सर्व्हेचा ताजा उतारा न्या, घरपट्टीची यंदाची पावती न्या. 'मूळ राहू दे माझ्याकडे' असं कोणीही म्हटलं तरी चहा पिऊन घरी या.

आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं काय झालं ते कळवा.

तुमची,
मनू